कॉपी-पेस्ट नको, परत वाजव : रिदम गिटारच्या थरांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत, की रिदम गिटारचे एकापेक्षा जास्त ट्रॅक कसे घ्यायचे, किती घ्यायचे आणि घेतले तरी गचाळ का वाटतात. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न : आम्ही चौघंजण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमचं पहिलं गाणं माझ्या खोलीतच रेकॉर्ड करतोय. गिटार जाड वाटावी म्हणून रिदमचा ट्रॅक कॉपी केला, एक पूर्ण डावीकडं टाकला आणि एक पूर्ण उजवीकडं. पण गिटार पसरलीच नाही, मधेच बसलीय आणि नुसती मोठी झालीय. सॉफ्टवेअरमधलं काही सेटिंग राहिलंय का? (कसबा बावडा)

उत्तर : सेटिंग काही राहिलेलं नाही भावा, कॉपी हाच घोळ आहे. दोन्ही कानांना अगदी तोच आवाज, त्याच क्षणी, तेवढ्याच जोरात मिळाला की मेंदू म्हणतो हा एकच आवाज आहे आणि तो समोर मधोमध आहे. मग तू दोन कॉप्या कर नाहीतर वीस कर, गिटार मधेच राहणार. एकावर एक दोन सारखे ट्रॅक ठेवले की आवाज ६ डीबीपर्यंत (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) वाढतो, तुला जे मोठं झाल्यासारखं वाटतंय ते तेवढंच आहे.

पसारा येतो तो फरकामुळं. तू तीच चार कॉर्डची रिदम दुसऱ्यांदा वाजवलीस की पिक तारेवर पडायची वेळ काही मिलिसेकंदांनी पुढंमागं होते, जोर थोडा वेगळा लागतो, पिकचा कोन बदलतो, डाव्या हाताचं बोट जरा जास्त दाबलं गेलं तर तार किंचित चढते. यातलं एकेक इतकं बारीक आहे की ऐकणाऱ्याला सुटं कळत नाही, पण सगळं मिळून दोन्ही कानांना जवळजवळ तेच आणि तरीही वेगळं असं काहीतरी मिळतं, आणि मग मेंदूला दोन्ही एकत्र करून मधे बसवता येत नाही. गिटार दोन बाजूंना उभी राहते आणि मधली जागा गाणाऱ्यासाठी मोकळी होते. म्हणून कॉपी डिलीट कर आणि परत वाजव, यावर दुसरा उपाय नाही.

आता तुला कुणीतरी सांगेल की कॉपीच ठेव पण एका बाजूची १५-२० मिलिसेकंद मागं सरकव. हे करता येतं, हेडफोनवर रुंदही वाटतं. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकानं १९४९ साली यावर प्रबंध लिहिलाय, साधारण ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही आणि जो आवाज आधी पोचतो त्याच्याकडून सगळं आल्यासारखं वाटतं. म्हणजे पहिली अडचण ही की गिटार आधीच्या बाजूला कलंडते. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. दोन्ही चॅनल एकत्र झाले, म्हणजे मोनो झाले, की उशिरामुळं काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. १० मिलिसेकंद उशीर असेल तर ५० हर्ट्झला खड्डा, मग १५० ला, २५० ला, असं दर १०० हर्ट्झवर खड्डे पडत जातात आणि गिटार पोकळ, पातळ ऐकू येते. आणि मोनो कुठं होतं म्हणशील तर साध्या मोबाईलचा स्पीकर, छोटा ब्लूटूथ डबा, कॉलेजच्या गॅदरिंगची सिस्टीम, गणपतीतल्या मंडळाचा साऊंड. तुझं गाणं लोक जास्त करून तिथंच ऐकणार आहेत. खरोखर दोनदा वाजवलेले ट्रॅक मोनोत आले तर रुंदी जाते, पण आवाज असा फाटत नाही. मिक्स करताना मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथं एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर, मोनोचं बटण दाबून अधूनमधून ऐकायची सवय आत्तापासून लाव.

प्रश्न : मी कॉपी करत नाही, दोनदा वाजवूनच घेतो, तरी कोरसमध्ये सगळा रगडा होतो. एक ट्रॅक ऐकला तर चांगला आहे, दुसरा ऐकला तरी चांगला आहे, दोन्ही लावले की कॉर्ड स्पष्टच ऐकू येत नाही. शिवाय आमच्या घराला लागूनच माग आहेत, दिवसभर खटखट चालू असते, ते वेगळंच. (इचलकरंजी)

उत्तर : यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण थरांचं खरं काम इथंच आहे आणि इथंच लोक कंटाळतात.

ट्रॅक एकेकटा चांगला वाटणं आणि दोन ट्रॅक एकमेकांना चिकटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. समज तुझ्या गाण्याचा टेम्पो ९६ आहे, म्हणजे एक बीट ६२५ मिलिसेकंदांचा, आणि त्याचा चौथा भाग, जिथं तुझे बारीक स्ट्रोक पडतात तो, साधारण १५६ मिलिसेकंदांचा. आता पहिल्या टेकमध्ये तू पहिल्या बीटच्या १५ मिलिसेकंद आधी पडलास आणि दुसऱ्या टेकमध्ये २५ नंतर, तर दोन्हीत ४० चं अंतर झालं. एकट्या ट्रॅकमध्ये हे कुणाला कळणार नाही, उलट चालीत मोकळेपणा आहे असं वाटेल. दोन्ही एकत्र लावले की प्रत्येक ठोक्याला 'धड्' च्या ऐवजी 'धडड्' ऐकू येतं, आणि असं सलग आठ बार (चार बीटचा एक बार) चाललं की झाला रगडा. फरक पाहिजे असं मी वर बावड्याच्या वाचकाला सांगितलं, तो आपोआप येतो, तो मुद्दाम आणायचा नसतो. तुझा प्रयत्न मात्र तंतोतंत तेच वाजवायचा पाहिजे.

मग करायचं काय? आधी ड्रम, निदान प्रोग्रॅम केलेला का होईना, पक्का करून घे आणि नुसत्या क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिकीवर, न वाजवता किक-स्नेअर ऐकत वाजव. पहिला टेक झाला की लगेच पुढं जाऊ नको, तो नुसता ड्रमबरोबर ऐक, जिथं डळमळीत आहे तिथं आत्ताच परत घे, कारण दुसरा टेक याच्यावर टेकणार आहे. मग दुसरा टेक घेताना पहिला टेक हेडफोनमध्ये एकाच बाजूला ठेव, डावीकडं म्हण, आणि आपली वाजणारी गिटार उजवीकडं. दोन्ही मधे ठेवून वाजवलंस तर आपली कुठली आणि आधीची कुठली हेच कळत नाही. पहिल्या टेकचा आवाज फार मोठाही ठेवू नको, नाहीतर त्याच्या मागं मागं वाजवत राहतोस आणि सगळा दुसरा टेक जरासा उशिरा पडतो. ड्रम मोठा, पहिली गिटार कानावर येईल इतपत.

सगळं गाणं एका दमात वाजवायची गरज नाही. चार किंवा आठ बारचे तुकडे कर, डावी-उजवी एका तुकड्याची झाली की पुढच्या तुकड्याला जा. यात फायदा असा की हात गरम असतो, त्या तुकड्याचा जोर लक्षात असतो, आणि स्ट्रोकची दिशा तीच राहते. दिशेकडं लोक बघतच नाहीत. एका टेकमध्ये तिसरा स्ट्रोक खाली आणि दुसऱ्यात तोच वर असेल तर खालच्यात जाड तारा आधी वाजतात आणि वरच्यात बारीक, मग वेळ जुळली तरी आवाज जुळत नाही. कागदावर खाली-वर बाण काढून समोर ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

आणि आता जी गोष्ट सगळ्यात जास्त फरक करते ती, कॉर्ड कुठं संपते. आपण सुरुवात जुळवायला जीव काढतो आणि शेवट वाऱ्यावर सोडतो. कोरसच्या आधी जिथं सगळे एकदम थांबतात ती जागा बघ, एका ट्रॅकमध्ये तू उजव्या हाताच्या तळव्यानं तार दाबलीस आणि दुसऱ्यात डाव्या हाताची बोटं नुसती सैल सोडलीस, तर एक कडक तुटते आणि दुसरी थोडी लोंबते, त्या लोंबण्यात एखादी मोकळी तारही वाजून जाते. चार बारची जी, ई मायनर, सी, डी घेतलीस तर प्रत्येक कॉर्ड कितव्या बीटला सुटणार आणि कुठल्या हातानं बंद होणार हे वाजवायच्या आधी ठरव. शेवट जुळला की त्याच दोन ट्रॅकना अचानक धार येते, तुझा विश्वास बसणार नाही इतकी.

एक तपासणी कॉम्प्युटरचीही कर. ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याचा, स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात नेणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) टाकलाय ना? बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा एका वेळी किती तुकडा घेतो तो आकडा, वाजवताना १२८ ठेव, ४४.१ किलोहर्ट्झला ते जवळपास ३ मिलिसेकंद होतात. १०२४ वर ठेवलास तर २३ होतात आणि तेही नुसते एका दिशेचे, मग हातातली गिटार कानात उशिरा येते आणि तू नकळत चाल बदलतोस. रेकॉर्डिंग संपून मिक्सला बसलास की खुशाल १०२४ कर.

शेवटी माऊस हातात घेऊन दोन-चार ठोके सरकवले तर काही बिघडत नाही, मीही करतो. पण सगळेच ठोके ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या बीटच्या रेघांवर, नेऊन बसवलेस तर तो बारीक फरकच मरतो आणि आपण फिरून कॉपी-पेस्टच्या जवळ येतो. दहा ठोके सरकवायला लागत असतील तर परत वाजवणं लवकर होतं.

मागांचं म्हणशील तर इलेक्ट्रिक गिटार सरळ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लाव, म्हणजे डीआय घे, आणि अँपचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये दे. मग बाहेर कितीही खटखट असली तरी ट्रॅकमध्ये येत नाही. फक्त कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन पाहिजेत, कारण मागाला स्वतःची लय असते आणि तिचा टेम्पो तुझ्या गाण्याच्या जवळपास असला तर हात तिकडं ओढला जातो. मायक्रोफोन लावायचं काम मात्र माग बंद असतील त्या दिवसासाठी ठेव.

प्रश्न : माझ्याकडं एकच गिटार आहे. डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या गिटार पाहिजेतच का? दुसरी घ्यायला पैसे नाहीत. (जयसिंगपूर)

उत्तर : अजिबात नको. पिकअप स्विच बदल, एकदा ब्रिजवर एकदा मधल्यावर, किंवा अँप सिम्युलेटरमध्ये दोन्ही बाजूंना स्पीकर कॅबिनेट वेगळं लाव. पिकची जाडी बदलली तरी फरक पडतो. पैसे आले तर आधी चांगल्या तारा घे आणि गिटारचं सेटिंग करून घे.

प्रश्न : आमचा मेटल बँड आहे. चार ट्रॅक घ्यायचे असतात असं सगळे म्हणतात, आम्ही चार घेतले, गेन पण फुल ठेवला, तरी आवाज बारीक चिरचिरीत येतो. दोन ट्रॅकचा डेमो याच्यापेक्षा जड वाटतो. असं का? (शाहूपुरी)

उत्तर : तुमचे कान बरोबर सांगतायत. चार ट्रॅक हा नियम नाही, आणि माझं स्पष्ट मत सांगतो, वेगवान रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) असेल तर दोनच घ्यावेत. जेवढे थर जास्त तेवढा प्रत्येक ठोका पसरत जातो, आणि मेटलमध्ये मजा ठोका कडक पडण्यातच आहे. चार थर शोभतात ते संथ, मोठ्या, सोडलेल्या कॉर्डना.

गेन, म्हणजे अँपमध्ये आवाज किती फाडायचा ते बटण, त्याचं असं आहे की डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटलेला आवाज, मुळातच आवाज दाबतं, मोठा-लहान हा फरक सपाट करतं. त्यात पिक तारेवर पडल्याचा 'टक्' हरवतो आणि त्या जागी वरची चिरचिर राहते. एका ट्रॅकची चिरचिर खपून जाते, चौघांची मिळून वाळू ओतल्यासारखी होते. प्रॅक्टिसला गेन सातवर असेल तर रेकॉर्डिंगला चार-साडेचारवर आणा. एकटा ट्रॅक ऐकताना तो दुबळा वाटेल, हात उघडा पडल्यासारखं होईल, चुका ऐकू येतील, आणि तेच पाहिजे. दाटपणा थरांतून येणार आहे, मग तो गेनमधून दुसऱ्यांदा कशाला आणायचा.

चार ठेवायचेच असतील तर मुख्य जोडी पूर्ण डावी आणि पूर्ण उजवी, दुसरी जोडी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणि आवाजानं ४-५ डीबी खाली. दुसऱ्या जोडीला वेगळा अँप, गेन आणखी कमी. ही जोडी बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं पण चालू असताना वेगळी ऐकू येऊ नये, एवढंच तिचं काम.

आता वजनाची गोष्ट. लोकांना जी गिटार जड वाटते त्यातलं निम्मं वजन बेसचं असतं. साध्या ट्यूनिंगला गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, ड्रॉप डी केलीत, म्हणजे तीच तार डी पर्यंत उतरवलीत, तर ७३ ला, आणि बेसची ई ४१ ला. म्हणजे खालचा मजला बेसचा आहे. चारही गिटारना ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, आणि पाम म्यूट मारताना (तळव्यानं तारा दाबून वाजवताना) १०० ते २०० च्या मधे जो फुगवटा येतो तो चौपट झालेला असतो, तो थोडा खाली घ्या. वर १० किलोहर्ट्झच्या पुढं गिटारमध्ये ऐकण्यासारखं फारसं काही नसतं, तिथंही कापलं तरी चालतं. हे करताना गिटार एकटी लावून बघू नका, एकटी लावली की पातळच वाटणार आणि हात परत बेस वाढवायला जाणार. बेस आणि किक चालू ठेवूनच कापा.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. मुलांची समूहगीतं आणि काही भक्तिगीतं रेकॉर्ड करायची आहेत. माझ्याकडे एक अकूस्टिक गिटार, एक कंडेन्सर माईक आणि दोन इनपुटचा इंटरफेस आहे. गिटार भरलेली वाटावी पण मुलांच्या शब्दांवर येऊ नये. दुसरा माईक घेऊ का? (गडहिंग्लज)

उत्तर : ताई, दुसरा माईक घेऊ नका, आहे त्याच माईकवर दोनदा वाजवा. एकाच वादनाला दोन माईक लावले की आवाज दोघांकडं वेगवेगळ्या वेळी पोचतो, ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद असा हिशोब आहे, आणि ते अंतर नीट बसलं नाही तर वर सांगितलेले खड्डे इथंही पडतात. माईक बाराव्या फ्रेटच्या समोर साधारण वीत-दीड वीत अंतरावर ठेवा, गिटारच्या भोकासमोर ठेवलात तर नुसता घुमतो. कंडेन्सर आहे म्हणजे इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण लागेल.

तुमच्यासाठी खरी गंमत कॅपोत आहे, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्यात. समजा गाणं जी मध्ये आहे आणि कॉर्ड जी, ई मायनर, सी, डी आहेत. पहिला ट्रॅक साध्या मोकळ्या कॉर्डनी घ्या. दुसऱ्यासाठी सातव्या फ्रेटला कॅपो लावा आणि सी, ए मायनर, एफ, जी या आकारांत वाजवा. स्वर तेच येतात, पण वरच्या पट्टीत, आणि तारांचा क्रम वेगळा. ही दुसरी गिटार पहिलीवर बसत नाही, तिच्या शेजारी बसते. नाहीतर कॅपो पाचव्याला लावा आणि डी, बी मायनर, जी, ए धरा. एक ट्रॅक डावीकडं, एक उजवीकडं, पण अगदी टोकाला नको, साठ-सत्तर टक्के पुरे, कारण मुलांचे आवाजही पसरलेले असणार.

अजून एक जुनी युक्ती आहे, तिला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. खालच्या चार जाड तारा काढून त्या जागी बारीक तारा एक सप्तक वर लावायच्या, बारा तारांच्या गिटारच्या सेटमधल्या बारीक तारा त्यासाठी चालतात. आवाज अगदी हलका, चकचकीत येतो, जाडपणा शून्य, म्हणून शब्दांना धक्का लागत नाही. दुसरी साधी गिटार कुणाची मागून मिळाली तरच करा, एकाच गिटारला तारा काढ-घाल करत बसू नका.

आणि दोन्ही गिटार सगळीकडं वाजवू नका. कडव्याला एक, ध्रुवपदाला दोन. दुसरी गिटार आली हे कळायला आधी ती नसायला पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडं जूनपासून पाऊस उघडतच नाही. ट्यूनरवर लावून पण दोन ट्रॅक एकत्र बेसूर लागतात. ट्यूनर खराब आहे का? (गगनबावडा)

उत्तर : ट्यूनर बहुतेक बरा असेल. तुमच्या गावाचा पाऊस म्हणजे गिटारच्या लाकडाची परीक्षाच आहे, दमट हवेत अकूस्टिकचं लाकूड फुगतं, मान आणि पोट हलतं, तारा गंजतात आणि गंजलेली तार सगळ्या फ्रेटवर सारखी सुरात राहत नाही. एक ट्रॅक असला की कान जुळवून घेतो, दोन असले की ते एकमेकांशी भांडतात. एक तार ४४० हर्ट्झला आणि दुसरी ४४१ ला असली की दर सेकंदाला एक असा आवाज लाटेसारखा वरखाली होतो, आणि हा फरक फक्त ४ सेंटचा आहे, म्हणजे एका फ्रेटच्या (अर्ध्या स्वराच्या) अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चार. पडद्यावर सुई जवळपास मधेच दिसते, कानाला मात्र घाण वाटतं.

तर, दोन्ही बाजूंचे टेक एकाच दिवशी, त्याच तारांवर, ओळीनं घ्या, आज डावी आणि पुढच्या रविवारी उजवी असं नको. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, कॅपो लावला असेल तर लावल्यानंतर परत करा. तार खालून वर चढवत सुरात आणा, वरून खाली उतरवलीत तर ती नटात (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकून थोड्या वेळानं आणखी उतरते. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा स्वर) आणि तिथंच दाबून वाजवलेला स्वर एकच येतो का बघा, येत नसेल तर आधी तारा बदला. वाजवून झालं की तारा सुक्या कपड्यानं पुसा आणि गिटार बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात भिंतीच ओल्या असतात.

डिस्टॉर्शन लावून वाजवत असाल तर थरांमध्ये पूर्ण कॉर्डच्या ऐवजी षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड धरा. गिटारच्या फ्रेटवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, डिस्टॉर्शनमध्ये तेवढंही खडबडीत ऐकू येतं. पंचम फक्त २ सेंटनं हलतो, म्हणून तो खपतो.

प्रश्न : माझे वडील शास्त्रीय गातात. एकच माणूस चार वेळा वाजवून एकत्र करतो हे त्यांना फसवणूक वाटते. त्यांना काय सांगू? (राजारामपुरी)

उत्तर : त्यांना वादात हरवायला जाऊ नका, त्यांना नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा की मैफलीत मागं दोन तंबोरे का असतात. दोन्ही त्याच सुरात लावलेले, दोन्ही तेच छेडतात, मिरजेच्या एकाच कारागिराकडचे असले तरी दोघांचा आवाज एक नसतो, आणि त्या दोघांच्या मधे गाणारा बसतो. हे डावं-उजवं आणि मोकळा मध्य आपल्याकडं कधीपासूनचं आहे. एका माणसानं स्वतःवरच वाजवण्याचं म्हणाल तर अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये आठ गिटारचे भाग एकट्यानं एकावर एक चढवून रेकॉर्ड काढली, तीही टेपवर नाही तर तबकड्यांवर, म्हणजे एक तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसरी तबकडी कापायची. सातव्या थराला चुकलं की ती तबकडी वाया, तो थर परत पहिल्यापासून वाजवायचा. रियाजाशिवाय हे होत नाही, आणि वडिलांना रियाज कळतो.

प्रश्न : आमच्या मंडळासाठी गाणं करतोय, हलगी आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र. हलगी भारी वाजते पण गिटार चढवली की हलगीचा कडकपणा जातो, हलगी वाढवली की गिटार दिसतच नाही. (शिवाजी पेठ)

उत्तर : हे गाणं ऐकायला मला मनापासून आवडेल. हलगीचा जीव तिच्या कडाक्यात आहे, दोन काड्यांचा तो तुटक टणत्कार, आणि तो बरोबर त्याच भागात असतो जिथं डिस्टॉर्शनची गिटार दिवसभर गुरगुरत असते. तुम्ही फेडर वरखाली करत बसलात तर हे सुटणार नाही, सोडवायचं वादनातच. हलगी मधोमध ठेवा, गिटार दोनच घ्या, पूर्ण डावी आणि पूर्ण उजवी, मधे गिटारचा एकही ट्रॅक ठेवू नका. गेन कमी, आणि जिथं हलगीची बारीक फिरत चालते तिथं गिटारनं स्ट्रोक मारत राहायचं नाही, एक कॉर्ड सोडायची आणि थांबायचं, किंवा हलगीच्या मुख्य ठोक्यावर तुटक मारायचं. एवढं करून राहिलंच तर गिटारला २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डीबी खाली घ्या.

पण मंडळाचा साऊंड मोनो असेल हे धरून चला, तिथं डावं-उजवं राहणार नाही, म्हणून जागा वादनात सोडणं हेच तिथं कामाला येईल.

रेकॉर्डिंगचा क्रम उलटा करा. तुम्ही बहुतेक गिटार आधी घेतली असणार आणि हलगीवाल्याला हेडफोन घालून क्लिकवर बसवलं असणार. चांगला हलगीवाला चाल थोडी चढवत नेतो, त्यातच अंगावर काटा येतो, क्लिकवर बांधलं की ते जातं. हलगी आणि घुमकं आधी घ्या, त्यांना समोरासमोर उभं करून, क्लिकशिवाय, एका दमात. कातड्याची हलगी असेल तर घ्यायच्या आधी शेकून घ्या आणि मधे उतरली तर परत शेका, नाहीतर शेवटच्या कडव्याचा आवाज पहिल्यासारखा येणार नाही. मग त्या चालीवर डावी गिटार, मग उजवी, चार-चार बारचे तुकडे करून. चाल चढत जाते म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आधी हलगीचे दोन बार कानात येऊ देत, त्यातून पुढचा वेग हाताला कळतो.